बुद्धिबळ इंजिनांमधील स्थितीमूल्यमापन आणि वेगाचा प्रश्न

स्थितीमूल्यमापन म्हणजे पटावरील एखादी स्थिती कोणत्या बाजूला आणि किती अनुकूल आहे, याचा बुद्धिबळ इंजिनाने एका संख्येत मांडलेला अंदाज होय. हा अंदाज देणाऱ्या आज्ञावलीच्या भागास मूल्यमापन फलन असे म्हणतात. इंजिनाचा दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे शोध, अर्थात पुढील संभाव्य खेळ्यांचा वृक्ष तपासणे. या दोन भागांत संगणकाचा वेळ कसा वाटावा, हा इंजिनरचनेतील सर्वांत जुना वाद आहे. एका स्थितीचा विचार करण्यात घालवलेला प्रत्येक क्षण दुसऱ्या स्थितीच्या वाट्यातून वजा होतो. २०२० नंतर न्यूरल नेटवर्कवर आधारित मूल्यमापन सर्वत्र रूढ झाल्याने हा वाद मिटला असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात तो मिटलेला नसून केवळ नव्या जागी गेला आहे.

== प्रश्नाचे स्वरूप ==

साध्या घरगुती संगणकाच्या एका गाभ्यावर चालणारे इंजिन सेकंदाला दहा लाख स्थिती तपासते असे मानू. तीन गिगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरवर प्रत्येक स्थितीच्या वाट्याला सुमारे ३,००० चक्रे येतात. नियमानुसार शक्य असलेल्या खेळ्या शोधणे, त्यांचा क्रम लावणे, पूर्वी तपासलेल्या स्थितींच्या कोष्टकात डोकावणे आणि मूल्यमापन करणे, हे सर्व एवढ्यातच उरकावे लागते. मुख्य स्मृतीतून एखादी नोंद आणण्यातच दोन-तीनशे चक्रे खर्च होऊ शकतात. त्यामुळे राजाच्या सुरक्षिततेविषयी एखादी सूक्ष्म कसोटी लिहिताना रचनाकाराला दोन प्रश्न पडतात. ती कसोटी बरोबर आहे का, हा पहिला; आणि ती परवडते का, हा दुसरा. बुद्धिबळाच्या पुस्तकांत पहिल्याचे उत्तर सापडते, दुसऱ्याचे सापडत नाही.

वेग घटल्याने नेमके किती नुकसान होते, हे वृक्षाच्या रुंदीवर अवलंबून असते. मध्यडावात एका स्थितीतून सरासरी पस्तीसच्या आसपास खेळ्या निघतात. अल्फा-बीटा छाटणीमुळे निरुपयोगी शाखा तपासाव्या लागत नाहीत. खेळ्यांचा क्रम अचूक असेल तर तेवढ्याच श्रमात जवळजवळ दुप्पट खोली गाठता येते. म्हणजे प्रत्येक अर्धखेळीमागे काम पस्तीसपट न वाढता सुमारे सहापट वाढते. अशा इंजिनाचा वेग दुप्पट झाला तरी खोलीत अर्ध्या अर्धखेळीचीही भर पडत नाही. आधुनिक इंजिने मात्र संशयास्पद शाखा इतक्या निर्दयपणे छाटतात की हा गुणक दोनच्या जवळपास आला आहे. तेथे वेग निम्मा होणे म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण अर्धखेळी गमावणे. शोध जितका हुशार, तितकी मंद मूल्यमापनाची खोलीतील किंमत अधिक, असे हे काहीसे विचित्र गणित आहे. त्याची दुसरी बाजू अशी की छाटणीचे निर्णय मूल्यमापनाच्या आधारेच घेतले जातात. चुकीच्या अंदाजावर विसंबून योग्य शाखा छाटली गेली, तर वाचलेल्या वेळेचा काहीच उपयोग होत नाही.

== शॅननपासून डीप ब्ल्यूपर्यंत ==

क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात या विषयाची मांडणी आजही ओळखू येईल अशा रूपात आढळते. त्यांच्या नमुना फलनात वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोड्याला प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १ असे मूल्य होते. राजाला २०० दिले होते, जेणेकरून त्याच्यापुढे इतर सर्व लाभ फिके पडावेत. एकावर एक आलेली, एकाकी व मागे पडलेली प्यादी यांसाठी प्रत्येकी अर्ध्या गुणाची वजावट होती आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक खेळीसाठी दशांश गुणाची भर होती. सर्व खेळ्या ठरावीक खोलीपर्यंत तपासणारा ‘अ’ प्रकार आणि निवडक खेळ्याच खोलवर तपासणारा ‘ब’ प्रकार असे इंजिनांचे दोन प्रकार त्यांनी कल्पिले होते. शॅनन यांचा कल दुसऱ्या प्रकाराकडे होता. पुढील काही दशके मात्र पहिल्याचीच सरशी होत राहिली, कारण महत्त्वाची खेळी कोणती हे ठरवण्याइतके ज्ञान आज्ञावलीत उतरवणे कोणालाच नीट जमले नाही.

केन थॉम्पसन आणि जो काँडन यांच्या ‘बेल’ या यंत्राने वेगाची बाजू ठामपणे मांडली. खास बनवलेल्या विद्युतमंडलांच्या बळावर ते सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती तपासत असे. १९८० साली त्याने संगणकांची विश्वस्पर्धा जिंकली. थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या खोलीपर्यंत शोध घेणाऱ्या आवृत्त्या एकमेकींशी खेळवल्या, तेव्हा एका वाढीव अर्धखेळीमागे सुमारे दोनशे गुणांकन-गुणांचा फरक दिसून आला. खोली वाढेल तसा हा लाभ घटतो, हेही पुढे स्पष्ट झाले. तरीही वेगाचे आकर्षण का टिकून राहिले, हे या आकड्यावरून कळते. वेग मोजता येत होता, ज्ञान मोजता येत नव्हते.

गॅरी कास्पारोव्ह यांना ११ मे १९९७ रोजी ३½–२½ असे हरवणाऱ्या ‘डीप ब्ल्यू’ला सर्वसाधारणपणे पाशवी गणनशक्तीचे प्रतीक मानले जाते. हे चित्र अपुरे आहे. त्याच्या ४८० खास चिपांवर कोरलेल्या मूल्यमापन फलनात सुमारे ८,००० घटक होते. मूल्यमापनाचे दोन भाग केलेले होते. जलद भाग एकाच चक्रात मोहऱ्यांच्या जागांचा ढोबळ हिशेब देत असे. मंद भाग पट स्तंभागणिक तपासत असे आणि ढोबळ हिशेब मर्यादेपासून फार दूर नसेल तेव्हाच तो वापरला जाई. ज्ञान आणि वेग यांतील तडजोड येथे आज्ञावलीत नव्हे, थेट सिलिकॉनमध्ये झाली होती. चिप एकदा घडवल्यावर तिच्यातील घटकांचे वजन बदलता येत असे, घटक मात्र बदलता येत नसत.

== हस्तलिखित मूल्यमापनातील काटकसर ==

घरगुती संगणकांवरील इंजिनांना अशी चैन नव्हती, म्हणून काटकसरीच्या युक्त्यांची एक समृद्ध परंपरा तयार झाली. प्याद्यांची रचना दर खेळीला बदलत नाही. म्हणून तिचे मूल्यमापन एकदाच करून वेगळ्या कोष्टकात साठवून ठेवतात, आणि बहुतेक वेळा ते तयारच मिळते. मोहरे व घर यांच्या जोडीचे मूल्य प्रत्येक वेळी नव्याने न मोजता खेळीनुसार केवळ वजाबाकी-बेरीज करून अद्ययावत ठेवतात. पटाची चौसष्ट घरे चौसष्ट बिटांच्या एका संख्येत बसतात, या सुदैवी योगायोगामुळे ‘या उंटाला किती घरे मोकळी आहेत’ यासारखा प्रश्न दोन-चार सूचनांत सुटतो.

आळशी मूल्यमापन ही यांपैकी सर्वांत वादग्रस्त युक्ती. मोहऱ्यांच्या हिशेबातच एक बाजू बरीच पुढे असेल, तर उरलेले घटक मोजायचेच नाहीत, असे तिचे सूत्र आहे. यात वेळ भरपूर वाचतो. पण जेथे एक बाजू हत्ती देऊन प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला चढवते, नेमकी तीच स्थिती ढोबळ हिशेबात हरलेली दिसते. बलिदानाचे डाव जुन्या इंजिनांना उशिरा उमगत, त्याचे एक कारण हे होते.

मूल्यमापन कोठे करायचे, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. मारामारी अर्धवट असताना केलेला हिशेब फसवा ठरतो: वजिराने प्यादे मारले एवढेच दिसते, पुढच्या खेळीला वजीर जाणार हे दिसत नाही. यासाठी शोधाच्या टोकाशी मारण्याच्या खेळ्या संपेपर्यंत एक छोटा शोध चालवतात आणि स्थिती निवळल्यावरच मूल्य घेतात. तपासलेल्या स्थितींपैकी मोठा भाग या टोकाच्या शोधातच असल्याने मूल्यमापनाचा खर्च सर्वाधिक जाणवतो तो येथेच.

फाबिएन लेतुझे यांच्या ‘फ्रूट’ या इंजिनाने २००५ मध्ये या साऱ्या परंपरेला धडा दिला. त्याचे मूल्यमापन तुलनेने साधे होते, शोध मात्र नेटका व निर्दोष. खुल्या स्वरूपात उपलब्ध झालेल्या या इंजिनाचा प्रभाव पुढील पिढीवर खोलवर पडला. घटकांची संख्या वाढवणे म्हणजे ज्ञान वाढवणे नव्हे, हे त्यानंतर मान्य होऊ लागले.

== अल्फाझीरोने दिलेला धक्का ==

डिसेंबर २०१७ मध्ये ‘डीपमाइंड’च्या अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ विरुद्धच्या शंभर डावांत २८ विजय मिळवले, ७२ डाव बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. निकालाइतकाच लक्षवेधी होता तो वेगातील फरक. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे सात कोटी स्थिती तपासत होते, अल्फाझीरो केवळ ८०,०००. म्हणजे सुमारे ८७५ पट कमी. त्या लढतीच्या अटींवर रास्त आक्षेप घेतले गेले. प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट दिल्याने स्टॉकफिशचे वेळेचे नियोजन निरर्थक ठरले, त्याला स्मृतीही तुटपुंजी दिली होती, आणि दोन्ही बाजूंची यंत्रसामग्री तुलना करण्याजोगी नव्हती. तरीही मुख्य मुद्दा टिकून राहिला: मूल्यमापन पुरेसे चांगले असेल तर शोध शेकडो पट आक्रसला तरी चालतो. २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या ‘लीला चेस झीरो’ने हीच पद्धत सर्वांसाठी खुली केली आणि २०१९ मध्ये टीसीईसी या संगणक-स्पर्धेचा पंधरावा हंगाम जिंकला.

या मार्गाची अडचण खर्चाची होती. अशी मोठी जाळी ग्राफिक्स कार्डाशिवाय कासवाच्या गतीने चालतात. ज्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे, त्याच्यासाठी तरी वेगवान शोध हाच एकमेव पर्याय उरला होता.

== जपानी बुद्धिबळातून आलेले उत्तर ==

उत्तर आले ते शोगी या जपानी बुद्धिबळातून. तेथे मारलेली मोहरी पुन्हा पटावर उतरवता येत असल्याने खेळ्यांची संख्या प्रचंड असते आणि राजाची सुरक्षितता सर्वोपरि ठरते. कुनिहितो होकी यांच्या ‘बोनान्झा’पासून तेथील इंजिने राजा व इतर दोन मोहरी यांच्या परस्परसंबंधांची यंत्राने शिकलेली अवाढव्य कोष्टके वापरत होती. २०१८ मध्ये यू नासू यांनी याच विचाराला न्यूरल नेटवर्कचे रूप दिले. ‘कार्यक्षमतेने अद्ययावत होणारे न्यूरल नेटवर्क’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावावरून त्याचे एनएनयूई हे लघुरूप प्रचलित झाले. हिसायोरी नोदा यांनी ते स्टॉकफिशमध्ये आणले, ऑगस्ट २०२० मध्ये ते मुख्य आज्ञावलीत समाविष्ट झाले आणि २ सप्टेंबर २०२० रोजी स्टॉकफिश १२ प्रसिद्ध झाले.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण संपूर्ण तडजोड तिच्या आकड्यांतच दडलेली आहे. ‘आपला राजा या घरात असताना अमुक मोहरे तमुक घरात आहे’ अशी सुमारे ४१,००० विधाने जाळ्याच्या प्रवेशद्वाराशी असतात. त्यांपैकी एका वेळी जास्तीत जास्त तीसच खरी असतात. पहिल्या स्तरात प्रत्येक बाजूसाठी २५६ पेशी, म्हणजे जवळजवळ एक कोटी पाच लाख वजने. एवढा मोठा स्तर दर स्थितीला नव्याने मोजणे परवडणारे नव्हे. पण साध्या खेळीत फक्त दोन विधाने बदलतात (एक खोटे होते, एक खरे होते) आणि मारण्याच्या खेळीत तीन. म्हणून आधीच्या बेरजेतून जुन्या विधानाची वजने वजा करून नव्याची मिळवली की काम भागते. सुमारे पंधरा हजार बेरजांचे काम हजार-दीड हजारांवर येते. त्यापुढील स्तर मुद्दामच लहान ठेवलेले असतात: ५१२ गुणिले ३२, मग ३२ गुणिले ३२, आणि शेवटी एक संख्या, म्हणजे साडेसतरा हजारांच्या आत गुणाकार. आठ बिटांच्या पूर्णांकांत केलेले असे बत्तीस गुणाकार आधुनिक प्रोसेसर एका दमात हाताळू शकतो. रुंद पण क्वचित बदलणारा पहिला स्तर आणि अरुंद पण नेहमी मोजावा लागणारा उरलेला भाग, अशी ही योजना आहे.

तिचा कमकुवत दुवा राजा हा आहे. राजा हलला की त्या बाजूची सर्व विधाने बदलतात आणि पहिला स्तर नव्याने मोजावा लागतो. मध्यडावात हे क्वचित घडते. अंतिम डावात, जेथे राजाच मुख्य लढवय्या असतो, तेथे वरचेवर. यावरही पुढे कोष्टकांचे उपाय निघाले.

एनएनयूईमुळे स्टॉकफिशचा वेग लक्षणीय घटला. अनेक संगणकांवर तो जुन्या मूल्यमापनाच्या तुलनेत निम्मा ते दोन-तृतीयांश एवढाच उरला. तरीही नव्या आवृत्तीची ताकद आधीपेक्षा सुमारे शंभर एलो गुणांनी वाढली. जाळ्याला शिकवले काय होते, यात या यशाचे स्पष्टीकरण आहे. कोट्यवधी स्थितींवर मध्यम खोलीचा शोध चालवून आलेले निष्कर्ष त्याच्यासमोर ठेवले गेले होते. शोधाने कष्टाने मिळवलेले ज्ञान आगाऊच मूल्यमापनात साठवले गेले. डावाच्या वेळी गमावलेली अर्धखेळी प्रशिक्षणाच्या काळातच वसूल झाली होती.

जुने हस्तलिखित फलन लगेच हद्दपार झाले नाही. एका बाजूकडे मोहऱ्यांचे मोठे आधिक्य असेल तर निकाल जवळजवळ ठरलेला असतो. तेथे स्टॉकफिश काही काळ जुने, वेगवान फलनच वापरत राहिले. फेब्रुवारी २०२४ मधील १६.१ या आवृत्तीपर्यंत ते पूर्णपणे काढून टाकण्यात आले होते. अनेक वर्षे शेकडो स्वयंसेवकांनी घासूनपुसून तयार केलेला, माणसाला वाचून समजणारा बुद्धिबळज्ञानाचा तो एक दस्तऐवज होता. त्याच्या जागी आलेल्या कोट्यवधी वजनांतून ‘हा घोडा का चांगला’ याचे उत्तर कोणालाही वाचून काढता येत नाही. ताकद आणि वेग यांच्या हिशेबात हे नुकसान कोठेच मांडले जात नाही.

== मोजमापाची अडचण ==

मूल्यमापनातील बदल उपयुक्त आहे की नाही, हे चर्चेने ठरत नाही. तो हजारो डावांत खेळवून पाहावा लागतो. २०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉट यांनी उभारलेल्या ‘फिशटेस्ट’ या व्यवस्थेत जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकांचा वेळ देतात. वेग दुप्पट झाल्यास साधारण साठ एलो गुण मिळतात असे धरले, तर एक टक्का मंदावण्याची किंमत जेमतेम एक गुण भरते. मात्र एक गुणाचा फरक म्हणजे दहा हजार डावांमागे निम्म्या गुणांपेक्षा केवळ चौदा-पंधरा गुणांची आघाडी. बरोबरींच्या गर्दीत तेवढी आघाडी योगायोगाची नाही हे खात्रीने सांगण्यासाठी लाखाच्या घरात डाव लागतात.

वेळेच्या मर्यादेनुसारही निकाल बदलतात. दहा सेकंदांच्या डावात मंद पण जाणकार मूल्यमापन हरू शकते आणि मिनिटभराच्या डावात तेच जिंकू शकते, कारण वाढत्या खोलीबरोबर एका जादा अर्धखेळीचे मोल कमी होत जाते, तर चांगल्या अंदाजाचे मोल बरेचसे टिकून राहते. म्हणूनच फिशटेस्टमध्ये बदल आधी छोट्या आणि मग मोठ्या कालमर्यादेत तपासले जातात. ‘अमुक इंजिन अधिक बलवान’ हे विधान कालमर्यादा व यंत्र सांगितल्याशिवाय अपुरेच असते.

== मोठे जाळे, लहान जाळे ==

जाळे वाढवण्याचा मोह २०२१ पासूनच दिसू लागला. त्या वर्षी चेसबेस कंपनीने विकलेल्या ‘फॅट फ्रिट्झ २’मध्ये स्टॉकफिशच्याच आज्ञावलीला दुप्पट रुंदीचे जाळे जोडलेले होते. त्यावरून स्टॉकफिशच्या कर्त्यांनी खुल्या परवान्याचा भंग झाल्याचा दावा जर्मनीत दाखल केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. मूल्यमापनाचे जाळे हे स्वतंत्र उत्पादन मानावे की इंजिनाचाच भाग, हा प्रश्न त्यामुळे तंत्रज्ञानाबाहेर, कायद्याच्या दारात गेला.

स्टॉकफिशचे स्वतःचे जाळेही वाढतच राहिले. आवृत्ती १६.१ मध्ये पहिल्या स्तराची रुंदी २,५६० होती, सप्टेंबर २०२४ मधील आवृत्ती १७ मध्ये ती ३,०७२ झाली. पण १६.१ पासूनच तिच्या सोबत केवळ १२८ रुंदीचे दुसरे, चिमुकले जाळे बसवलेले आहे. स्थिती उघडच एकतर्फी असेल तर तेच वापरले जाते. डीप ब्ल्यूचे जलद व मंद मूल्यमापन, त्यानंतरचे आळशी मूल्यमापन आणि हे दुहेरी जाळे यांत तत्त्वतः फारसा भेद नाही.

दुसऱ्या टोकाला, डीपमाइंडच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये शोध पूर्णपणे वगळून पाहिला. सत्तावीस कोटी वजनांचे जाळे, स्टॉकफिश १६ ने मूल्यांकित केलेल्या स्थितींवर शिकवलेले, एकही खेळी पुढे न पाहता लिचेसवर माणसांविरुद्ध २,८९५ एवढे जलद डावांचे गुणांकन मिळवू शकले. ही कामगिरी थक्क करणारी आहे. पण त्याचा गुरू शोध करणाराच होता, हे विसरता येत नाही. तसेच मात जवळ असूनही पटापट न देणे, यासारख्या खोडी त्यात दिसल्या.

== वापरकर्त्याच्या दृष्टीने ==

विद्यार्थी आणि सामान्य खेळाडू आज मुख्यतः ब्राउझरमध्ये किंवा फोनवर इंजिन वापरतात. तेथे आणखी दोन मर्यादा आड येतात: जाळ्याची फाइल उतरवून घेण्याचा खर्च आणि बॅटरी. लिचेसवर सुमारे ७ मेगाबाइटचे लहान जाळे आणि ७० मेगाबाइटहून मोठे जाळे, असे पर्याय याच कारणाने ठेवलेले आहेत. स्वस्त फोनवर शाळकरी डावाचे विश्लेषण करणाऱ्यास लहान जाळे पुरेसे आहे. त्याच्या चुका दाखवण्यासाठी दोन्ही जाळी सारखीच सक्षम असतात.

पडद्यावरील संख्येचा अर्थही आता बदललेला आहे. पूर्वी ‘+१.००’ म्हणजे एका प्याद्याएवढे आधिक्य असे समजले जाई. जाळ्याच्या मूल्यांचा प्याद्याशी थेट संबंध उरला नाही, म्हणून डिसेंबर २०२२ मधील स्टॉकफिश १५.१ पासून हे प्रमाण नव्याने बांधले गेले: स्वतःशीच खेळताना त्या बाजूची जिंकण्याची शक्यता ५० टक्के असेल, तर मूल्य +१.०० दाखवावे. ही शक्यता दोन इंजिनांमधील आहे, दोन माणसांमधील नव्हे. शिवाय काही स्थितींत हा अंदाज पूर्णतः चुकतो. २०१७ मध्ये रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका कोड्यात काळ्याकडे तीन उंटांसह मोहऱ्यांचे मोठे आधिक्य होते. तत्कालीन इंजिने काळ्याच्या विजयाचा निर्वाळा देत होती. प्यादी मात्र अशी अडकलेली होती की पांढऱ्याने आपला राजा पांढऱ्या घरांवर फिरता ठेवला, तर डाव बरोबरीत सुटतो.